आबांच्या १०३५ चं इंजिन: खोलण्यापासून चालू होईपर्यंत

१४ एप्रिल २०२४, रविवार

आंबेडकर जयंती आणि रविवार एकाच दिवशी आल्यानं आम्हा मास्तर लोकांची एक सुट्टी बुडाली. पण मिस्त्रींना वेळ होता, म्हणून आजच ट्रॅक्टर दाखवून घेतला.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५. आबांनी १९९४ साली सेकंडहँड घेतला, तेव्हा मी चौथीत होतो. टॅफेचा ट्रॅक्टर, आत सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं इंजिन. मूळ घडण इंग्लंडच्या पर्किन्सची, परवान्यावर मद्रासला बनलेली. बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.४४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२७, म्हणजे अडीच लिटर. १९५९ च्या सुमारास विलायतेतल्या मॅसी ३५ ला हेच इंजिन लागायला लागलं. आमच्या शिवारात ते अजून बैल म्हाताऱ्या माणसाला ओळखतो तसं आबांना ओळखतं.

दुखणी अशी: दहा तास नांगरट केली की लिटरभर ऑइल पितो. सकाळी उतारावर लावला असेल तरच चालू होतो. मागे निळा धूर. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून तर धुराड्यासारखा धूर येतो. चढाला रोटर (रोटाव्हेटर) खाली टाकला की इंजिन दबतं.

मिस्त्रींनी चालू इंजिनावरच ऑइल भरायचं टोपण काढून उलटं ठेवलं. टोपण नाचलं आणि उडून मातीत पडलं. "रिंगा गेल्या, मास्तर. कॉम्प्रेशन खाली चेंबरात उतरतंय." चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं.

मग एअर क्लीनरची वाटी सोडली. हा ऑइलबाथ प्रकार: हवा आधी तेलावर आपटते, धूळ तेलात बसते, हवा पुढे इंजिनात जाते. वाटीतलं तेल स्वच्छ होतं, तळाला चिमूटभर गाळ. आबा अभिमानानं म्हणाले, "आरं, आमच्या वाटीत घाण साठतच न्हाय. कैक वर्सं झाली, तेल आसंच ऱ्हातंय." मिस्त्री नुसतं "हं" म्हणाले आणि वाटी परत लावली. ते "हं" मला तेव्हा कळलं नाही.

ठरलं ते असं: हाफ इंजिन करायचं. म्हणजे हेड (इंजिनाचं वरचं झाकण), लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन आणि त्याच्या रिंगा. क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला) हात लावायचा नाही. मृग ७ जूनला निघतोय. त्याआधी घेवड्याच्या रानाची पाळी (कुळवणी) व्हायला हवी. उत्तर कोरेगावात वाघ्या घेवडा पेरणाऱ्यानं ट्रॅक्टर जूनमध्ये खोलून ठेवला तर गाव हसेल. मिस्त्रींची अट एकच: खोलाखोली मी करायची, ते शनिवार-रविवारी येऊन बघणार आणि बांधताना शेजारी उभे राहणार. पैसेही वाचणार होते आणि मला हौसही होती.

२० एप्रिल, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर सुरुवात. आधी बॅटरीची अर्थिंग काढली, मग रेडिएटरचं पाणी, चेंबरचं ऑइल. ऑइल बोटावर घेतलं तर डांबरासारखं काळं, पण चमचम नव्हती. चमचम असती तर बेअरिंगचं धातू उतरलंय असं समजायचं.

बॉनेट, डिझेल टाकी, सायलेन्सर. नोझलचे (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे) पाइप सुटल्या सुटल्या पंपाच्या आणि पाइपांच्या तोंडांना प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे रबरानं बांधले. डिझेल पंपाच्या आत मातीचा कण गेला तर त्याचा खर्च बाकी सगळ्या खर्चाएवढा होतो.

रॉकर शाफ्ट उचलला. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या काड्या) सहा. इथं मिस्त्रींनी शिकवलेली युक्ती: चुलतभावाच्या लग्नातल्या मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला सहा भोकं पाडली, वर पेनानं १ ते ६ आकडे घातले आणि पुशरॉड ज्या जागेचा तो त्या भोकात खोचला. प्रत्येक पुशरॉडचं टोक आपापल्या टॅपेटच्या खळग्यात तीस वर्षं घासून बसलेलं असतं. अदलाबदल झाली तर नव्यानं घासायला लागतं. पुठ्ठ्यावर अजून "शुभविवाह" वाचता येतंय.

हेडचे नट बाहेरून आत, एकेक पाव फेरा करत सैल केले. मधला एक नट स्टडसकट वर आला. बाकी सगळे सुटले. हेड मात्र चिकटलेलं. मी छन्नी घेतली तर मिस्त्री फोनवर ओरडले, "छन्नी घालायची न्हाई! पृष्ठभागाला टवका गेला तर नवीन गॅस्केट पण फुंकणार." मग बॅटरीची अर्थिंग परत जोडून, नोझल जागेवर ठेवूनच सेल्फ दोन वेळा मारला. आतल्या कॉम्प्रेशननं हेड स्वतःच सुटलं. चुलतभाऊ आणि मी दोघांनी उचललं. बिडाचं हेड, कंबरेत कळ भरली.

खाली तीन बोअर. नख वरून खाली फिरवलं तर साधारण बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर अडलं, पायरीच होती. वरची रिंग जिथवर जाते तिथं लायनर खाऊन गेलेला, त्यावरचा काठ मूळचा. तिन्ही बोअरमध्ये पायरी, आणि तिन्हींत जवळपास सारखीच. होनिंगच्या (बोअर दगडानं घासताना पडणाऱ्या) तिरप्या रेघांचा मागमूस नाही, आरशासारखी चमक.

२१ एप्रिल, रविवार

मिस्त्रींनी तिन्ही बोअर बघितले आणि पहिल्यांदा इनलेट मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) मागितला. मला वाटलं कार्बन बघणार. त्यांनी तोंडातून बोट आत घालून फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर लालसर पीठ. आपल्या माळाच्या मुरमाची धूळ, चहाच्या गाळणीतून गाळल्यासारखी बारीक.

"एकच सिलिंडर गेला असता तर रिंग तुटली म्हणलो असतो. नोझल टपकत असता तर एकच पिस्टन जळला असता. तिन्ही सारखे खाल्लेत म्हणजे हवेनं खाल्लेत."

मग एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे येणारा रबरी होज बघितला. मधोमध सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वर तांब्याच्या तारेचे वेढे. ट्यूब वाळून भेगाळलेली. पट्टी काढली तर खाली होजला बोटभर लांब चीर. ट्यूब आतल्या बाजूला लाल. हवा एअर क्लीनरमधून कशाला जाईल, तिला जवळची वाट मिळाली होती. वाटीतलं तेल इतकी वर्षं स्वच्छ राहायचं ते म्हणून.

हे गुंडाळणं आबांच्या हातचं. ती तारेची गाठ मी ओळखतो. बैलाच्या दाव्यापासून टीव्हीच्या अँटेनापर्यंत आमच्या घरात ती एकच गाठ आहे.

मिस्त्री आणि मी एकमेकांकडे बघितलं. आबा चहा घेऊन येत होते. मी ट्यूब आणि होज बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं. डब्यावर काही लिहिलं नाही.

२८ एप्रिल, रविवार

मध्ये आठवडाभर हात लावता आला नाही. मंगळवारी हनुमान जयंती, मग गावची यात्रा, मग शाळेचे निकाल.

पिस्टन काढायला चेंबर खोलावा लागतो आणि इथंच या ट्रॅक्टरचं गणित वेगळं आहे. याला चेसिस नाही. पुढचा आस इंजिनाला, इंजिन गिअरबॉक्सला, असा सांगाडाच इंजिनाचा. चेंबरसुद्धा पत्र्याचा नाही, जाड बिडाचा. म्हणून आधी गिअरबॉक्सखाली बाभळीचे ओंडके, मग पुढचा आस रेडिएटरसकट सोडवून पुढे ढकलला. चाकांमुळे हातगाड्यासारखा गेला.

चेंबर उतरवताना तळाशी दोन इंच काळा चिखल. तो लाकडी फळीनं खरवडला.

रॉड म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा; त्याच्या कॅपवर आणि रॉडवर सिलिंडरचा आकडा ठोकलेला असतो, तो आधी कापडानं पुसून वाचला आणि कागदावर कुठल्या बाजूला आहे ते लिहिलं. कॅप ज्या रॉडची त्या रॉडला, त्याच तोंडानं. वरची पायरी स्क्रेपरनं घासून काढली, नाहीतर पिस्टन वर येताना रिंगांच्या खाचांमधली कड तुटते. मग लाकडी दांड्यानं खालून ठोकून एकेक पिस्टन वर. दुसऱ्याच्या वरच्या रिंगेचे दोन तुकडे झालेले होते आणि ते खाचेत निवांत बसले होते.

गंमत म्हणून जुनी रिंग बोअरमध्ये वरच्या भागात सरळ बसवून दोन टोकांमधली फट फिलरनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजली. मिस्त्रींचा हिशेब: बोअरच्या दर इंचाला सुमारे ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आपला बोअर ३.६ इंची, म्हणजे १४-१५ थाऊ असावी. फिलरची सगळ्यात जाड पाती दोन एकत्र धरूनही ढिली गेली. पुढं मोजलं नाही.

दोन नंबरच्या रॉडचं बेअरिंग काढून बघितलं. राखाडी थर मधोमध गेलेला, खालचा तांबूस रंग दिसतोय. मिस्त्री उकिडवे बसले, बिडी पेटवली. "हाफ न्हाई, फुलच करावं लागतंय." आबा म्हणाले, "करा." तेवढंच.

२ मे, गुरुवार

आजपासून उन्हाळी सुट्टी. सकाळी सहालाच शेडमध्ये.

इंजिन गिअरबॉक्सपासून सोडवलं. शेडच्या गर्डरला चैनकप्पी अडकवली. चुलतभाऊ साखळी ओढतोय, मी बोल्टांच्या भोकांकडे बघतोय, आबा "सावकाश, सावकाश" म्हणतायत. मागचा शाफ्ट क्लचमधून सरळ सुटायला हवा. इंजिन जरा तिरकं झालं की क्लच प्लेटच्या मधल्या दात्यांवर सगळं वजन लटकतं. एवढं मोठं धूड हवेत आलं तेव्हा कोणी बोललं नाही.

क्लच हाउसिंगमध्ये सगळीकडं ऑइल. मागच्या सीलमधून गळत होतं. या जुन्या इंजिनांना मागं गोल रबरी सील नसतं, दोन अर्ध्या वाट्यांमध्ये दोरीसारखी सील-पट्टी दाबून बसवलेली असते. ती दगड झालेली. आता गिअरबॉक्सपासून वेगळं केलंच आहे, तर ती बदलणं आलंच. क्लच प्लेटही.

संध्याकाळी वावटळ सुटली. वळवाचा पाऊस आलाच नाही, नुसती धूळ. उघड्या इंजिनावर तळवट टाकून चारी बाजूंनी दगड ठेवले. ज्या धुळीनं इंजिन खाल्लं तिच्यापासून ते आता आम्ही राखत बसलोय.

४ मे, शनिवार

ब्लॉक, क्रँक, हेड आणि रॉड छोट्या हत्तीत घालून साताऱ्याला लेथवर. मालकांनी मायक्रोमीटर लावला आणि क्रँकच्या पिना (रॉड बसतात त्या जागा) आधीच १० थाऊ कापलेल्या निघाल्या. वर दोन थाऊ लंबगोल. म्हणजे हे इंजिन आमच्याकडे येण्याआधी एकदा पूर्ण उघडलेलं. विकणाऱ्यानं आबांपुढं "इंजिनाला पाना लागलेला न्हाई" अशी शपथ घेतली होती, ते घरी सगळ्यांना पाठ आहे. तीस वर्षांनी खोटं उघडं पडलं. शपथ घेणारा आता नाही आणि आबांनाही राग आला नाही. "तरीबी चांगलाच चालला की," म्हणाले.

ठरलं: पिना २० थाऊ, मेन जर्नल नुसते पॉलिश. जुने लायनर प्रेसवर काढायचे, नवे बसवून बोअर-होन करायचं. हे ड्राय लायनर, म्हणजे पाणी थेट लायनरला लागत नाही, लायनर ब्लॉकच्या भोकात घट्ट दाबून बसतो. त्यामुळं ते शेडमध्ये बसवायचं काम नाही. हेडचं तोंड हलकंसं प्लेन. व्हॉल्व्हच्या दोन सीट बदलायच्या: आधीच्या कोणीतरी घासून घासून व्हॉल्व्ह हेडमध्ये इतके खोल बसवलेत की कॉम्प्रेशनची जागाच वाढली.

६ आणि ७ मे

निवडणूक ड्युटी. साताऱ्याचं मतदान सात तारखेला. मतदान केंद्रावर रात्री झोपताना रॉडच्या कॅपचे आकडे डोळ्यांपुढं. लेथही बंदच.

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया. आईनं पुरण केलं. नवे सुटे भाग आजच आणायचे असा आबांचा आग्रह, म्हणून कोरेगावला गेलो: पिस्टन-रिंग-लायनरचा सेट लेथवाल्यानं आधीच घेतला होता, मी बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, गॅस्केट सेट, दोरी-सील, क्लच प्लेट आणि थर्मोस्टॅट घेतला. हो, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. आमच्या इंजिनात तो नव्हताच. पूर्वी कोणीतरी "गरम होतंय" म्हणून काढून फेकला असणार. आपल्याकडं हा रोग सर्रास आहे. इंजिन थंड राहिलं की चांगलं, असं वाटतं. पण थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये ओल आणि आम्ल साठतं आणि रिंगा-लायनर लवकर झिजतात.

होज मात्र तीन दुकानांत मिळाला नाही. ऑर्डर दिली.

१६ मे, गुरुवार

ब्लॉक परत आला. होनिंगच्या रेघा बारीक जाळीसारख्या, प्रकाशात धरलं की रांगोळीचा भास होतो. मिस्त्री डिझेलचा डबा घेऊन धुवायला निघाले. मी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं म्हणून अडवलं. होनिंगचा दगड झिजून जी पूड पडते ती डिझेलनं निघत नाही, रेघांत आणखी रुतते. ती निघते गरम पाणी आणि साबणानं. मिस्त्री म्हणाले, "चाळीस वर्सं डिझेलनंच धुतोय." पण तयार झाले.

आईनं चुलीवर दोन हंडे पाणी तापवलं. भांड्याचा साबण, कपडे धुवायचा ब्रश. तीनदा धुतलं. पुसायला आबांचं जुनं धोतर. पहिल्या पुसण्याला धोतर राखाडी. दुसऱ्याला फिकट राखाडी. चौथ्या वेळी पांढरं राहिलं तेव्हा थांबलो आणि लगेच ऑइलचा हात फिरवला. पाच मिनिटं कोरडं ठेवलं असतं तर तांबूस गंज धरला असता. मिस्त्रींनी पहिली राखाडी चिंधी उचलून दोन बोटांत चोळली. काही बोलले नाहीत. संध्याकाळी जाताना मात्र साबणाचं नाव विचारून गेले.

ऑइलच्या वाहिन्यांचे प्लग काढून आत तारेचा ब्रश घातला. एका आडव्या वाहिनीतून करदोड्याएवढी जाड काळी वात निघाली.

१८ मे, शनिवार

क्रँक. बेअरिंगच्या पाठी कोरड्या, पोट ऑइलनं ओलं. कॅप आकड्यानुसार. प्रत्येक कॅप टाइट केली की क्रँक हातानं फिरवून बघायची. जड झाली तर तीच कॅप दोषी. फिरली, हलकी.

आता दोरी-सील, आणि हे मी सविस्तर लिहून ठेवतो कारण दुसऱ्यांदा करायची वेळ येऊ नये. दोरी आधी ऑइलमध्ये भिजवली. अर्धवाटीच्या खाचेत दोन्ही टोकं आधी दाबली, मग मधला भाग गोल पाइपच्या तुकड्यानं घोळून बसवला, कणकेवर लाटणं फिरवतात तसा. टोकं वाटीच्या कडेपेक्षा केसभर वर ठेवायची, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. कापून सपाट केली तर दोन वाट्यांच्या सांध्यातून गळणार. जास्त ठेवली तर सांधा मिटणार नाही. मी पहिल्यांदा ब्लेडनं सफाईदार कापून टाकली. मिस्त्रींनी बघितलं आणि नवी दोरी मागितली. गॅस्केट सेटमध्ये एकच येते. कोरेगावला परत गेलो, जाऊन येऊन दोन तास. सेटच घ्यावा लागला.

१९ मे, रविवार

पिस्टन. नवी रिंग बोअरमध्ये घालून फट: १५ थाऊ, १६, १५. हा आकडा कागदावर दोनदा लिहिला, इतका आवडला.

पिस्टनच्या डोक्यातला खळगा मध्यावर नाही, नोझलच्या बाजूला सरकलेला आहे. डोक्यावर पुढची बाजू दाखवणारी खूण असते, ती रेडिएटरकडे. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. रिंग आवळायच्या पट्ट्यात पिस्टन आणि वरून हातोड्याच्या लाकडी दांड्यानं हलके ठोके. दोन गेले. तिसऱ्याला एक ठोका वेगळा वाजला, टक् ऐवजी ठक्. मिस्त्रींनी हात धरला. काढून बघितलं तर ऑइल रिंग पट्ट्याबाहेर निसटून ब्लॉकच्या काठावर बसली होती. आणखी एक ठोका बसता तर तुटली असती. बोटं थरथरत होती म्हणून चहा प्यायलो आणि मग तो बसवला.

२३ मे, गुरुवार

हेड बसलं. नट मधून बाहेर गोलाकार, तीन टप्प्यांत, शेवटी ६० फूट-पाउंड. मॅन्युअल ५५ ते ६० सांगतं. टॉर्क पाना आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजमधून आणला. मिस्त्रींनी आधी हातानं आवळून दाखवलं आणि म्हणाले आता पाना लावून बघा. ५७ वर क्लिक झाला. काय बोलणार.

पुशरॉड "शुभविवाह"च्या पुठ्ठ्यातून एकेक जागेवर. तीन सिलिंडर, फायरिंग १-२-३, दर २४० अंशांना एक. एक नंबर वर आणून कॉम्प्रेशनला धरला, त्याचे दोन टॅपेट, मग २४० अंश फिरवून दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. थंड इंजिनावर फट १२ थाऊ. फिलर ओढताना वहीतून कागद ओढल्यासारखा लागला पाहिजे, इतकंच.

२५ मे, शनिवार

चैनकप्पीवरून इंजिन परत गिअरबॉक्सला. क्लच प्लेट मधोमध धरायला मिस्त्रींनी जुन्या शाफ्टचा तुकडा आणला होता. तरी दाते जुळेनात. मागचं चाक हातानं किंचित फिरवत राहिलो, आणि एकदम खट्कन पूर्ण आत सरकलं. असा आवाज येतो तेव्हा पोटातली भूक जागी होते.

दुपारी सगळे जेवायला बसलो असताना आबा म्हणाले, "नवा होज आणलास का?"

मी भाकरीकडं बघत "ऑर्डर दिलीय" म्हणालो.

"डब्यातली ट्यूब बघितली मी. परवाच. २०१३ च्या उन्हाळ्यात गुंडाळलेली. टँकर होता मागं, पाण्याचा. दुकानात होज न्हवता आन् गावात पाणी न्हवतं. सांजच्याला बदलू म्हणलो." त्यांनी ताकाची वाटी उचलली. "सांज झालीच न्हाई बघ."

आईनं मला आणखी आमटी वाढली.

२६ मे, रविवार

ऑइल ७ लिटरच्या आसपास, २०डब्ल्यू-४०. नवे फिल्टर. डिझेलची एअर काढली: आधी फिल्टरवर, मग पंपाच्या बाजूचा स्क्रू, मग वरचा गव्हर्नरवाला, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंपानं. स्टॉपची दोरी ओढून धरून सेल्फ मारला, ऑइलचा काटा हलेपर्यंत. काटा हलला. मग दोरी सोडली.

सकाळी ११:२० ला चालू झालं. चुलतभावानं नारळ फोडला, पोरं नाचली, आणि मिस्त्री मात्र मान तिरकी करून उभे. "तीन पायांवर चालतंय का दोन?"

दोनवर चालत होतं. नोझलच्या पाइपाचे नट एकेक सैल करून बघितलं: एक नंबर सैल केला की इंजिन दबतं, दोन केला की दबतं, तीन नंबर केला तरी काही फरक नाही. आणि तीनच्या नोझलच्या बुडाशी ओला, काळा फेस. नोझल टेस्टरवरून आले होते, तिन्हींचा फवारा मी स्वतः बघितला होता.

तिसरा नोझल काढला. खाली नवा तांब्याचा वॉशर. टॉर्च मारला. त्याखाली आणखी एक, जुना, कार्बनमध्ये इतका मुरलेला की सीटचाच भाग वाटत होता. हेड घरी आल्यावर नोझलची भोकं मीच खरवडली होती. दोन खरवडली, तिसऱ्याच्या वेळी कोणीतरी हाक मारली असावी. वाकवलेल्या तारेनं जुना वॉशर निघाला, नवा घातला, नोझल दोन्ही बाजूंनी सारखा आवळला.

१२:५० ला पुन्हा चालू. मिस्त्रींनी मान सरळ केली.

२ जून, रविवार

आठवडाभर हलकी कामं: रिकामी ट्रॉली, पाळी, जास्त वेळ नुसतं उभं चालवायचं नाही. नवं इंजिन लाडानं नुसतं उभं चालवलं तर रिंगा बसत नाहीत आणि लायनरला गुळगुळीत चकाकी येते; त्याला थोडं ओझं हवं. २० तासांवर ऑइल बदललं, चुंबक फिरवला तर बारीक राखाडी पूड, कण नाहीत. हेड पुन्हा टॉर्कला लावलं. दोन नट किंचित फिरले. टॅपेट पुन्हा बघितले. ब्रीदरवर पांढरा कागद धरला, कोरडा राहिला.

होज आला. खऱ्या मापाचा, दोन्ही टोकांना क्लिप. आबांनी स्वतः बसवला. मी पाना द्यायला उभा होतो, त्यांनी मागितला नाही.

९ जून, रविवार

मृग निघाला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. त्याआधी वरच्या रानाची पाळी पुरी झाली होती, सोळा तास. ऑइलची पातळी काडीवर होती तिथंच.

सकाळी दात घासत होतो तर आबांनी शेडमधून हाक मारली. एअर क्लीनरची वाटी हातात, तिरकी धरलेली. तेल गढूळ, चहासारखं, आणि तळाला लाल गाळाचा थर, पाव इंच तरी. त्यांनी बोट बुडवून तो वर काढला, अंगठ्यावर चोळला आणि मला दाखवला.

"बघ," म्हणाले. "आता हितं थांबतीय."

मग वाटी डिझेलनं धुऊन, नवं तेल भरून, परत लावून दिली.